वितळायच्या आत

मोठ्या जाऊबाई परदेशातून आल्या की धाकटीच्या हातावर फ्रिजला लावायचं एक मॅग्नेट ठेवायच्या. यंदाच्या मॅग्नेटवर बर्फाचा डोंगर होता.

"तिथला बर्फ वितळत चाललाय म्हणे," सोफ्यावर टेकत जाऊबाई म्हणाल्या. "म्हटलं, आहे तोवर बघून घ्यावा."

धाकटीच्या पोटात दुखलंच. "तुमच्यासारखी माणसं विमानं भरभरून जातात, म्हणूनच वितळतोय तो, ताई. देशाचा धूर वाढला, हवा तापली म्हणून बातम्यांत बोंब, आणि दिवे बंद करायला सांगतात ते आम्हाला. आम्ही आपले बाजारातसुद्धा पायी जातो."

"अगं, मी नसते बसले तरी विमान जाणारच होतं ना. पुढच्या खेपेला तूही चल."

"नको हो. ते पाप आम्हाला नाही झेपायचं."

जाऊबाई गेल्यावर धाकटीने ते मॅग्नेट कचऱ्याच्या डब्यावर धरलं. मग पदराने पुसून फ्रिजवर मधोमध लावलं.

दुसऱ्या दिवशी समोर नव्याने राहायला आलेली शेजारीण प्यायचं पाणी मागायला आली. फ्रिजवरची मॅग्नेटची दाटी बघून ती जागीच थबकली.

"बाई गं, एवढं सगळं फिरलात तुम्ही? हा डोंगर मला फार बघायचाय हो. कधीचे पैसे साठवतोय आम्ही."

धाकटीने बाटली काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं आणि तिच्या हातात दिली.

"जाऊन या की," ती म्हणाली. "आम्ही गेलो तेव्हा बर्फ होता. आता नुसता दगड उरलाय म्हणतात."