डावीकडचा बिघाड

डोळे नेमकं कुठे बघतात ते टिपणारं यंत्र दुपारी साहेबांना दाखवायचं होतं, आणि ऐनवेळी ते चळल्यासारखं करायला लागलं. चाचणीला कुणी सापडेना, म्हणून बाळाला पाजायला तिच्या ऑफिसात घेऊन आलेल्या सासूबाईंनाच तिने पडद्यासमोर बसवलं. टिंब मधोमध, सिग्नल मात्र सारखा डावीकडे, पडद्याबाहेर पळायचा. तिने वायर बदलली, दिवे मालवले, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला.

"आई, टिंबाकडे बघा ना!"

"बघतेच आहे. तुझं यंत्रच मेलं तिरळं आहे."

वैतागून तिने सासूबाईंच्या डावीकडे पाहिलं. टेबलाच्या कोपऱ्यावर सासूबाईंनी सकाळी भरून दिलेला डबा तसाच बंद होता.

तिने निमूटपणे डबा संपवला, आणि सिग्नल टिंबावर येऊन गप्प बसला.