शहाळ्यावरचा दिवा

माधवरावांच्या डोक्यावरची टोपी रुबीनाने शेजारच्या शहाळ्याला घातली, तेव्हा कुमुद चटकन पुढे झाली. तिचा नवरा कित्येक महिने बेशुद्ध होता. त्याच्या मनातला ‘हो’ ठरावीक रेषेच्या वर गेला, की टोपीवरचा दिवा लागायचा. त्या दिव्याच्या भरवशावर ती रोज त्याच्याशी बोलत होती.

"यंत्राची स्वतःचीही खरखर असते, काकू," टोपी तपासायला आलेली रुबीना म्हणाली. "ती मध्येच रेषा ओलांडते आणि दिवा उगाच लागतो. शहाळ्याला काही मन नाही. त्यावर किती वेळा लागतो ते पाहिलं, की खरखर किती ते कळतं."

तेवढ्यात शहाळ्यावरचा दिवा लागला. पुन्हा लागला. मग सारखाच लागत राहिला.

कुमुदने पदर मुठीत आवळला. "म्हणजे इतके दिवस मी खरखरीशी बोलत होते?"

रुबीना जुन्या नोंदी पुन्हा पुन्हा पाहत होती. "नुसती खरखर असती, तर काकांचाही एवढाच लागला असता. तुम्ही बोलता तेव्हा त्यांचा फार कमी लागतो. ‘हो’ने सिग्नल वर चढतो, ‘नाही’ने खाली जातो, मग खरखरही रेषेपर्यंत पोचत नाही. काका आत जागे आहेत, काकू. ते ‘नाही’ म्हणतायत. तुम्ही त्यांना रोज काय विचारता?"

कुमुद पलंगाच्या कडेवर बसली.

"माझ्यासाठी अजून थोडे दिवस काढाल ना, एवढंच."