डोहाचा राखणदार

दोन पुरुष काठावर येऊन उभे राहिले तेव्हा मार्सली कमरेइतक्या पाण्यात वाकलेली होती. एका हातात बुडाला काच बसवलेला पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात टोकाशी चिरलेली लांब काठी. डबा पाण्यावर टेकवून काचेतून तळ बघायचा, मोत्याचा शिंपला दिसला की काठीच्या चिमट्यात धरून वर काढायचा. हे तिला बाबानं शिकवलं होतं. आणि बाबा गेल्या सप्टेंबरात याच डोहात बुडाला होता. तेव्हापासून अर्न नदीच्या या वळणावर दुसरं कुणी फिरकलं नव्हतं.

म्हणूनच तळाशी शिंपले दाटीनं बसले होते. तळहाताएवढे, जुने, काळे. तिच्या अकरा वर्षांच्या हातांनी दिवसाकाठी वीस-पंचवीसच निघत. त्या दोघांच्या हातांत तशाच काठ्या होत्या. आठवड्याभरात ते सगळा डोह धुऊन नेणार, हे तिला एका नजरेत कळलं.

त्यातला थोरला डूगल, बाबाच्या ओळखीचा. तो म्हणाला की ही जागा पोरीबाळींची नव्हे, तिनं वर उथळात जावं, इथलं ते बघून घेतील. बोलता बोलता तो बूट काढायलाही बसला.

"बाबा दुसऱ्या कुणाला उतरू देत नाही," मार्सली म्हणाली.

डूगलचा हात बुटाच्या नाडीवरच थांबला. "कुणाचा बाबा?"

"माझा. मी आले तर त्याला चालतं. दुसरं कुणी आलं की खालून दगड वाजवतो."

डूगलनं पाण्याकडे बघितलं. मग टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि पुन्हा डोक्यावर घालून नाडी बांधायला घेतली. बरोबरचा दुसरा, त्याचा मेहुणा, तोवर अर्धी चढण चढून गेला होता.

ते दिसेनासे होईपर्यंत मार्सली तशीच उभी राहिली. बुडाल्यापासून बाबा तिच्याशी काहीही बोलला नव्हता. हे शब्द कुठून आले, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

मोती विकत घेणारा गेडिस दर शनिवारी पर्थहून यायचा आणि खानावळीच्या अंगणात टेबल टाकून बसायचा. ती तिथं पोचली तेव्हा गोष्ट तिच्या आधीच पोचलेली होती. गेडिसनं तिचे दोन मोती उजेडात धरून फिरवले आणि हसत विचारलं, दगड वाजतात म्हणजे कसे वाजतात? मार्सलीनं सांगितलं. मग पाण्यातून कण्हल्यासारखं येतं तेही सांगितलं. ती आणखी सांगणार, तोच त्यानं हात वर केला.

"बास. एवढं सांगितलंस तर कुणाला खरं वाटणार नाही."

म्हणजे याला पटलेलं नाही, हे तिला समजलं. तरी तिनं नजर खाली घातली नाही. ती त्याला म्हणाली की वाटेतल्या प्रत्येक खानावळीत त्यानंही हेच सांगावं, त्या डोहात जाऊ नका म्हणून. मग त्या डोहातला प्रत्येक मोती ती आधी त्याला दाखवेल, दुसऱ्या व्यापाऱ्याला नाही. गेडिसचं हसू मावळलं. त्यानं हात रुमालाला पुसला आणि पुढे केला. मार्सलीशी आजवर कुणी हात मिळवला नव्हता.

त्या दोन मोत्यांच्या पैशांतून ओटचं पीठ आलं, धाकट्याला बूट आले. उरलेला शिलिंग तिनं सुताराला विसार म्हणून दिला, चपट्या बुडाच्या होडीसाठी. घरी तिनं सांगितलं, मोती उथळात मिळाले. आईनं पुढं विचारलं नाही. आई हवेलीचे कपडे धुवायची, आणि गेल्या सप्टेंबरपासून नदी सोडून लांबच्या विहिरीवरून पाणी वाहायची.

तिसऱ्या आठवड्यात मार्सलीलाही ते ऐकू यायला लागलं. ठक. मग बऱ्याच वेळानं पुन्हा ठक. प्रवाहानं तळचे गोटे हलतात, हे तिला माहीत होतं. तरी पाण्यात पाय घालण्याआधी आता ती थांबायची, आणि "मीच आहे," असं हळू आवाजात म्हणायची.

मंगळवारी दुपारी काठच्या दगडावर तिनं एक शिंपला उघडला आणि बघतच राहिली. वाटाण्याएवढा, किंचित गुलाबी मोती. इतका मोठा बाबालाही कधी मिळाला नव्हता. झग्याला खिसा नव्हता. तिनं तो गालात ठेवला आणि मान वर केली, तर समोर आई.

आईचे हात कोपरापर्यंत साबणानं भरलेले होते. धुणं तसंच टाकून आली होती. आता मार बसणार, असं मार्सलीला वाटलं. पण आई तिच्या बाजूनं खाली उतरली, पाण्याशी उकिडवी बसली आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिनं पाण्यावर हात ठेवला.

"बायका बोलत होत्या धुण्यावर," ती म्हणाली. "मला आधी खरं वाटलं नाही."

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग पाण्यावरची नजर न काढता तिनं विचारलं,

"माझं नाव घेतो का गं कधी?"

मार्सलीच्या तोंडात मोती होता. तिनं नुसती मान हलवली. हो.

आईनं पायांतले बूट काढून बाजूला ठेवले आणि दगडावर नीट बसली. "तू कर तुझं काम," ती म्हणाली. "मी बसते इथं."

मार्सली पाण्यात उतरली आणि काचेवर वाकली. गालातला मोती काही केल्या ऊब धरेना.