आत्याचा मान

“पोराला काय आकडा ठिवत्यात व्हय रं? शाळंची हजेरी हाय का ती?” अनसाबाईनं कमरेवर हात ठेवले.

शंभूला हसू आवरेना. सकाळीच पुण्यात त्याच्या नव्याकोऱ्या मोबाईलवर परदेशातल्या प्रयोगशाळेचा फोन आला होता. अणूच्या गाभ्यात न्यूट्रॉन पार कोंबले तरी तो क्षणभर टिकेल, असं गणित त्यानं पाच-सहा वर्षं खपून मांडलं होतं. वडापच्या जीपमध्ये दहाच्या जागी वीस माणसं बसतातच की! तिकडच्या लोकांनी यंत्रात अणू आदळले आणि तो गाभा खरोखर दिसला. त्याची ओळख म्हणजे मूलद्रव्याच्या नावापुढं नुसता एक आकडा. शंभू तसाच नाचत कवठे येमाईला बहिणीकडं आला आणि दारातूनच ओरडला, “आक्का, तुझ्या भावाला पोर झालं समज!”

झालं! हा भाऊ लग्नाचं नाव काढीना, त्यामुळं अनसाबाईचा आत्याचा मान राहूनच गेला होता. तिच्या स्वतःच्या पदरी लेकरू नव्हतं. आता ती ऐकते होय? तिनं बारसंच काढलं.

“अगं, डोळ्याचं पातं लवस्तवर बी जगलं न्हाई ते. आलं आन् फुटलं!”

“मंग बाराव्या दिवसाची वाट कशाला बघायची? आजच उरकू.”

दुपारी घुगऱ्या शिजल्या. पाळणा टांगला. बाळ नाही म्हणून वरवंट्यालाच टोपडं घातलं. शेजारची सारजाबाई त्याला तीट लावून म्हणाली, “अगदी बापावर गेलंय गं!” बायका हसून हसून बेजार झाल्या. अनसाबाईचा नवरा खंडू एरवी घुम्या, पण तोही खांबाला धरून हसत होता.

कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करत वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरला. पोरी आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सरसावल्या. अनसाबाई नाव सांगायला वाकली आणि तशीच थांबली.

“शंभू, खरं सांग. एवढुसं जगलं, तरी ते झालं असंच धरत्यात?”

“धरत्यात म्हंजी? साऱ्या जगात धरत्यात, आक्का. झालं ते झालं. कुणाच्या बाला पुसता यायचं न्हाई.”

अनसाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. खंडूनं टोपी काढून हातात घेतली आणि मान डोलावली.

“मंग दोन नावं ठिवते,” ती म्हणाली. “एक ह्याचं. आन् एक आमच्या लेकीचं. ती तर चांगली उजाडल्यापासनं दिवस कलंस्तवर जगली व्हती.”