दीपमाळेच्या उजवीकडे

कुंभमेळ्याआधी घाटावरच्या विक्रेत्यांना उठवणार होते. पिढीजात बसणाऱ्यांनाच जागा राहणार होती. घाटावरच टेबल मांडून बसलेल्या पालिकेच्या साहेबांपुढे मी चित्र धरलं. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा इंग्रजानं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं: शांत गोदावरी, पैलतीरावरची देवळं, दीपमाळ आणि फुलं विकणारी बाई. “माझी पणजी.” “अहो आजी, पणजी दीपमाळेच्या डावीकडे, तुम्ही उजवीकडे! मग जागा कुणाची?” टेबलावर त्यांचा रबरी शिक्का आडवा पडला होता. साठीत साक्षरता वर्गाला बसल्यापासून दिसेल ते वाचायची मला खोड, पण शिक्क्यावरची अक्षरं उलटी होती. शेजारच्या कागदावर तीच सुलटी उमटली होती. न्हाऊन आलेल्या बायकांच्या कुंकवासाठी ठेवलेला आरसा मी फुलांच्या टोपलीतून काढून चित्रासमोर धरला. “त्यानं दिसलं तसं कोरलं, म्हणून छापताना उलटं झालंय, साहेब.” आरशात पैलतीरावरची देवळं आपापल्या जागी आली, पणजी उजवीकडे. साहेबांनी हसून शिक्का शाईवर टेकवला.