लॅबचा नवा स्विच

"छोटाच घे, मावशी," भाचा म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्याचं त्याला नवल वाटलं.

टेबलावर दोन खोकी होती. एकात नेटवर्कचा स्वस्तातला स्विच, जेवणाच्या डब्याएवढा. दुसऱ्यात मोठ्या ऑफिसांत बसवतात तसला, आठपट किमतीचा. गेली चार वर्षं तो या मोठ्यासाठी मावशीच्या मागे लागला होता. तिच्या रक्त तपासणीच्या लॅबमधली सगळी यंत्रं आणि संगणक एका स्वस्तातल्या स्विचनेच एकमेकांना जोडलेले होते. तो अडला की रिपोर्ट अडत आणि बाकांवरची माणसं घड्याळाकडे बघू लागत. मग मावशीचा फोन यायचा. हातातलं काम टाकून भाचा धावत यायचा, वायर काढायचा, वीसपर्यंत आकडे मोजायचा, पुन्हा लावायचा. स्विच तापू नये म्हणून लॅबमधला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे वळवून ठेवला होता. माणसं घामाघूम, स्विच गारव्यात. तरी मावशी बधायची नाही. एका पेन्सिलीचे दोन तुकडे करून लॅबमधल्या दोघी मुलींना वाटणारी बाई ती.

आणि आज तिने छोट्याबरोबर स्वतःहून मोठाही मागवला होता. नेमका आजच.

भाच्याला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. हे फक्त आईला ठाऊक होतं. वडील गेल्यावर मावशीनेच त्याला शिकवलं होतं, आणि तिला सोडून जातो म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. छोटा स्विच बिघडला तर कोणीही बदलला असता. मोठ्याची सेटिंग आली, देखभाल आली, आणि ती जमणारं लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मोठा बसला की नोकरीवर पाणी सोडायचं, हे त्याने मनाशी धरूनच ठेवलं होतं.

"मोठा तुला झेपायचा नाही," तो म्हणाला. "त्याच्यामागे सतत माणूस लागतो."

"मिळतो ना माणूस," मावशी चष्मा पुसत म्हणाली. "याच्याबरोबर पाच वर्षांची हमी आहे. केव्हाही फोन केला तरी उचलतात, दुसऱ्या दिवशी माणूस दारात. मी दोनदा फोन करून बघितलं."

"हेच मी चार वर्षं सांगत होतो. तेव्हा नाही पटलं तुला." त्याला आता खरंच राग आला होता. "आजच बरं पटलं?"

"तुझ्या आईच्या पोटात कधी काही राहिलंय का?" मावशीने मोठं खोकं त्याच्याकडे सरकवलं. "एवढा बसवून दे, आणि त्या लोकांना कळव, येतो म्हणून."

भाच्याने खोक्यावर हात ठेवला. "पण मग इतकी वर्षं तो स्वस्तातला..."

"चालला तो," मावशी म्हणाली, "कारण तू होतास."