रेनकोटमधला माणूस

“थांबवा. इथेच थांबवा,” फौजदार म्हणाले.

मालकांनी बटण दाबलं. पडद्यावरचा माणूस कपाटापाशी जागच्या जागी थिजला. औषधांच्या दुकानातलं ते आतलं कपाट. फार दुखत असेल तरच द्यायच्या तीव्र गोळ्या त्यात कुलपात असत. काल दुपारी दुकान जेवणासाठी बंद असताना कुणीतरी किल्लीने शटर उघडून आत आलं आणि नेमक्या त्याच गोळ्या घेऊन गेलं. गल्ल्याला हातसुद्धा लावला नव्हता.

“चित्र बघा साहेब, कसं आरशासारखं आहे!” चोरी झाली तरी मालकांना कॅमेऱ्याचं कौतुक आवरेना. “बाजारातला सगळ्यात भारी घेतलाय. आमच्या मुलानेच निवडला. बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचून घ्या.”

अक्षरं खरंच वाचता येत होती. फळीवरच्या खोकल्याच्या औषधाची मुदत कधी संपते, तेही कळत होतं. दिसत नव्हतं ते फक्त तोंड. रेनकोटची टोपी कपाळावर ओढलेली, खाली मास्क, हातात हातमोजे. कॅमेरा वर कोपऱ्यात होता आणि त्या माणसाने एकदाही मान वर केली नव्हती. मालकांनी चित्र मोठं केलं. मास्कची वीण मोठी झाली. आणखी मोठं केलं, तर नुसते चौकोन उरले.

“कॅमेरा कुठे लावलाय हे ह्याला पक्कं ठाऊक आहे,” फौजदार म्हणाले. “बाहेरचा नाही हा. किल्ल्या किती?”

“दोन जुडगे, शटरची आणि कपाटाची किल्ली एकत्रच. एक आमच्या घरात, वरच्या मजल्यावर. दुसरा काकांकडे.”

“आणि हा रेनकोट? खिशावर ठिगळ आहे बघा. टाकेसुद्धा मोजता येतील. कुणाचा?”

दाराशी उभे असलेले काका पुढे आले. दुकानात ते इतकी वर्षं कामाला होते की नवी गिऱ्हाइकं त्यांनाच मालक समजत.

“माझा आहे,” ते म्हणाले. “मागच्या खोलीत खुंटीला असतो. पण आतला माणूस मी नाही, साहेब.”

“काल दुपारी कुठे होतात?”

“घरी. जेवलो, जरा पडलो.”

“बरोबर कोण होतं?”

“माझ्याबरोबर कोण असणार?”

मालकांनी मान हलवली. “काका, तुमच्यावर मी कधी संशय घेतला नाही. पण इतकं ढळढळीत दिसतंय, ते खोटं कसं म्हणू?”

“भाऊ, तुम्हाला रेनकोट दिसतोय,” काका म्हणाले.

मालकांची बायको इतका वेळ मागे स्टुलावर बसून होती. दुकानाचा परवाना तिच्या नावावर होता, औषधं तीच द्यायची. गिऱ्हाइकं तिला बाई म्हणत. “अहो, पुन्हा लावा,” बाई म्हणाल्या.

“अगं, दहादा पाहिलं. तोंड नाही दिसत.”

“तोंड राहू दे. तो निघतो तिथपासून लावा.”

पडद्यावरच्या माणसाने कपाट बंद केलं, पाकिटं रेनकोटच्या आत सरकवली आणि तो दाराकडे निघाला. चारसहा पावलंच. डावा पाय टाकण्याआधी तो दर वेळी पुसटसा थांबे, जणू त्या पायाला विचारून मग पुढे जाई.

“बघा,” फौजदार म्हणाले. “वय झालेल्या माणसाचं चालणं. काका, गुडघे दुखतात का तुमचे?”

“दुखतात,” काका म्हणाले. खोटं बोलणं त्यांना सुचलंच नाही.

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. छतावर, वरच्या मजल्यावर, नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मुलगा आत्ता उठला होता. मालकांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण त्यांनी झटकन पडदाच बंद केला. कॅमेऱ्याचं कौतुक कुठल्या कुठे गेलं.

“बास झालं, साहेब,” ते घाईने म्हणाले. “घेऊन जा ह्यांना. काय ती चौकशी होऊन जाऊ दे.”

काकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग अंगातला पांढरा कोट काढला, घडी घातली, काउंटरवर ठेवला. त्यावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला.

“वहिनी,” ते म्हणाले, “त्या साखरेच्या आजी येतील आज. त्यांचं इन्शुलिन फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात वेगळं काढलंय. त्यांना सुई तुम्हीच लावून दाखवा, त्यांचा हात कापतो.”

फौजदारांनी त्यांच्या दंडाला धरलं. दोघं दारापर्यंत पोचले.

“थांबा,” बाई म्हणाल्या. त्या उठून दाराशी आल्या, वाट अडवून उभ्या राहिल्या. “साहेब, तो माणूस म्हणजे काका नाहीत.”

“बाई, तोंड दिसल्याशिवाय कसं सांगता?”

“गप्प बस!” मालक ओरडले. त्यांचा आवाज फाटला. “अगं, पाया पडतो तुझ्या, गप्प बस.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्या काकांकडे बघत होत्या.

“तोंड नाही दिसलं. चालणं दिसलं,” त्या म्हणाल्या. “त्याला चालायला मीच शिकवलंय, साहेब. एकदा तो वर्षाचा होता तेव्हा. आणि गेल्या वर्षी अपघातानंतर पुन्हा एकदा, ह्याच गोळ्या देऊन.”